पत्रा गळला, आणि स्लॉटचं रजिस्टर

शुक्रवार, रात्रीचे पावणेबारा

आज पहिला जोराचा पाऊस झाला आणि दरवर्षीसारखा, मी सांभाळतो त्या कॉलेजच्या इनडोअर हॉलचा पत्रा बरोब्बर तीन नंबरच्या कोर्टवर गळला. फ्लोअर मेपलचं आहे, पाणी मुरलं की फळ्या फुगतात, कडा वर येतात, म्हणून साडेसहाची बॅडमिंटनची बॅच मध्येच थांबवली. पोरं वैतागली. एक प्राध्यापक "अहो दोनच थेंब आहेत" म्हणत खेळतच राहिले, शेवटी मी सरळ नेटच सोडलं. कोरड्या फडक्याने टिपायचं, ओला पोछा अजिबात मारायचा नाही, हे मी मावशींना चार वर्षं सांगत होतो, आज त्या स्वतःच नवीन पोऱ्याला ओरडून सांगत होत्या. बरं वाटलं.

या सगळ्या धावपळीत इंटर्नशिपला आलेला बीपीएडचा (शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा) पोरगा बादली धरून विचारतो, "सर, यात करिअर होतं का हो?"

काय सांगू? मी खो-खोवाला, जिल्ह्यापर्यंत गेलो आणि थांबलो. बीपीएड झाल्यावर पहिली नोकरी म्हणजे ग्राउंडवर चुन्याची फक्की मारायची, सुतळी धरून धावायच्या १.२२ मीटरच्या लेन आखायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पावसाने सगळं धुऊन न्यायचं. मग स्विमिंग पूल गळ्यात पडला. दिवसातून तीनदा पाणी तपासायचं, उन्हाने क्लोरीन उडतं त्यामुळे मे महिन्यात दुपारची टेस्ट चुकवून चालतच नाही. डोळे चुरचुरले की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं, बऱ्याचदा ते घाम आणि लघवीशी मिसळून तयार झालेलं क्लोरामाइन असतं, पण हे पालकांना सांगून बघा! मामा अजून पाहुण्यांना माझी ओळख "पीटीचे मास्तर" अशीच करून देतो आणि बायको म्हणते हॉलचा वॉचमन. पगाराकडे बघितलं तर बायकोचं जास्त बरोबर आहे.

पोराला मी उत्तर दिलंच नाही, कुठल्या वेळेला कोर्टवर कोण खेळलं ते लिहायचं स्लॉटचं रजिस्टर हातात दिलं, म्हटलं वाच.

कारण मला हे काम त्या रजिस्टरनेच शिकवलं. गेल्या वर्षी मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं की मुलींना खेळात इंटरेस्टच नसतो. मी तीन आठवड्यांची पानं काढून मुलींच्या नावांवर हायलायटर मारत बसलो, तर संध्याकाळी जवळजवळ एकही नाव नाही. मग लक्षात आलं, ५ ते ७ कॉलेज टीमची प्रॅक्टिस, ७ नंतर स्टाफ आणि बॉईज हॉस्टेल, आणि गर्ल्स हॉस्टेलचं गेट ८ ला बंद, मेस त्याच्या आधी. त्या येणार कधी? भांडून आठवड्यातले दोन दिवस साडेपाच ते साडेसहा मिळवले, फक्त नवशिक्या मुलींसाठी, आणि स्टोअरमधून रॅकेट द्यायला लागलो, कारण निम्म्या जणींकडे रॅकेटच नव्हती आणि हे कोणी विचारलंही नव्हतं. पहिल्या आठवड्यात चौघी आल्या. महिन्याभरात वेटिंग लागलं. टीमचा कॅप्टन तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही, आणि त्याचंही चूक नाही, त्याची प्रॅक्टिस गेली ना.

तर हे पोरगं हॉल बंद करताना रजिस्टर परत द्यायला आलं. करिअरबिरिअर विसरलं होतं बहुतेक. म्हणे, "सर, दुपारी २ ते ४ सगळे कोर्ट रोज रिकामेच दिसतायत. मेसमधली पोरं तेव्हाच मोकळी असतात ना?"

दहा वर्षांत माझ्या डोक्यात नाही आलं हे. ती पोरं कॉन्ट्रॅक्टरची, त्यांच्याकडे कॅम्पसचं कार्ड नाही, आणि कार्डाशिवाय एंट्री द्यायची नाही हा नियम मीच लिहून भिंतीवर चिकटवलाय. उद्या आधी पत्रेवाल्याला फोन, मग त्या कागदाचं बघतो.