तुम्ही विचारलंत म्हणून: अमूर्त वारशात सध्या ‘ट्रेंड’ कशाचा आहे?

सांगली-साताऱ्याकडच्या पीएच.डी. करू पाहणाऱ्या मुलामुलींचा हा नेहमीचा प्रश्न. पुढे बहुतेकदा एक पुरवणीही असते: ‘जे चालू आहे तेच घेतो, म्हणजे गाईडचीही ना नसेल.’

थोडक्यात सांगायचं तर असं. अमूर्त वारसा म्हणजे कला, विधी, कारागिरी असा हाताने-तोंडाने पुढे जाणारा वारसा. त्याच्या जतनाचा युनेस्कोचा करार २००३चा, भारत त्यात २००५मध्ये आला. सुरुवातीचं लेखन याद्या आणि कायदा यांभोवती फिरलं. मग वारसा ठरवतो कोण, गाव की सरकारी तज्ज्ञ, हा वाद तापला. वारसा-अभ्यासक लॉराजेन स्मिथ यांनी २००६मध्ये केलेल्या मांडणीने त्याला धार आली. अलीकडे पर्यटन आणि डिजिटल जतन यांची चलती आहे, आणि चीनमधून येणाऱ्या पेपरांचा तर पूर.

पण हा ट्रेंड मोजतात कसा, ते एकदा बघून घ्या. ‘वेब ऑफ सायन्स’ किंवा ‘स्कोपस’ या शोधनिबंधांच्या सूचींमध्ये इंग्रजी शब्द टाकायचे, नोंदी उतरवायच्या, ‘व्हॉसव्ह्यूअर’ या सॉफ्टवेअरमध्ये घालायच्या, की कोणते शब्द एकत्र येतात त्याचा रंगीत नकाशा तयार. गोची इथेच होते. वेब ऑफ सायन्समधून संदर्भयादीसकट नोंदी एका वेळी ५००च निघतात, म्हणजे तुकडे जोडणं आलं. जोडल्यावर दुहेरी नोंदी काढायच्या: आधी डीओआय, म्हणजे प्रत्येक पेपरच्या कायमच्या ओळखक्रमांकावरून, आणि ज्यांना तो नाही त्या शीर्षकावरून, हाताने. मग समानार्थी शब्दांची फाइल. ‘अमूर्त वारसा’, ‘अमूर्त सांस्कृतिक वारसा’ आणि त्याचं इंग्रजी आद्याक्षरी रूप एकत्र केलं नाही, तर एकच गोष्ट तीन ठिपक्यांत दिसते. आणि शोधायला वापरलेला शब्द नकाशातून वगळला नाही, तर सगळ्यात मोठा ठिपका त्याचाच. त्यावर दोन पानं लिहिलेली सापडतात!

यात आपल्याकडचं काय दिसतं? जवळजवळ काहीच नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये मुळातली अट अशी की शब्द किमान पाच वेळा आलेला हवा. ‘लावणी’ रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिली जाते, त्यामुळे ती विखुरते आणि गळते. धनगरी ओवीची तऱ्हा आणखी न्यारी. ‘ओवी’ची तीन रोमन अक्षरं टाकून पुढे तारांकन दिलंत, तर मेंढ्यांच्या रोगांवरचे पेपर धो धो येतात, मेंढीचं लॅटिन नाव तसंच सुरू होतं. धनगराची ओवी शोधायला जावं आणि हाती मेंढरं लागावीत, हेही एका परीने बरोबरच म्हणा. शिवाय २००३च्या आधीचं काम ‘लोकसाहित्य’ या नावाखाली आहे आणि मराठीतली बहुतेक नियतकालिकं या दोन्ही सूचींत नाहीत. म्हणून ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत शोधा, आणि जुन्या प्रबंधांची नुसती शीर्षकं न वाचता अनुक्रमणिका उघडा. ‘या विषयावर काम झालेलं नाही’ हे वाक्य त्याआधी लिहू नका.

विषय विचाराल तर आम्ही मिरज सुचवू. तिथल्या सितारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन वस्तूला असतं, दहा वर्षांनी त्याचं नूतनीकरण लागतं, आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. जो कारागीर वाद्य बनवत नाही, फक्त जवारी काढतो, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवतो, तो यात कुठे बसतो? प्रबंधाला एवढा प्रश्न पुरे.

मात्र जवारीचं दस्तऐवजीकरण नुसत्या हाताच्या व्हिडिओने होत नाही. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा साधा सपाट नसतो, त्याला अगदी बारीक उतार असतो. तार त्यावर लागत-सुटत राहते, त्यातून झंकार उठतो. कारागीर कानस फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा घासतो. जास्त घासलं तर गेलेलं परत येत नाही, माथा पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो. तानपुऱ्यात शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा धरायची. म्हणून दर फेरीनंतर आवाज नोंदवा, आधी दोऱ्याशिवाय आणि मग दोऱ्यासह. दोऱ्याची जागा मिलिमीटरमध्ये, तारेचा स्वर आणि माइकचं अंतर लिहून ठेवा. फोनवर ध्वनिमुद्रण करू नका: तो आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो, आणि तुम्हाला हवा असलेला फरकच पुसला जातो. कारागिराचे शब्दही तसेच घ्या. ‘खुली’ (जास्त झंकाराची) आणि ‘बंद’ (कमी झंकाराची) जवारीला ‘आवाजाची गुणवत्ता’ म्हणून मोकळं होऊ नका.

जिवंत नागांच्या पूजेसाठी ओळखली जाणारी बत्तीस शिराळ्याची (जि. सांगली) नागपंचमी घ्यायची असेल तर वेगळी तयारी हवी. मानवी हक्क, समाजासमाजांतला परस्पर आदर आणि शाश्वत विकास यांच्याशी जुळेल तेवढ्याच वारशाचा विचार करू, असं कराराचं दुसरं कलम सांगतं. शिवाय आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा आहेच. तेव्हा ‘जुनी परंपरा’ एवढ्यावर मांडणी टिकत नाही. जिवंत नागाच्या पूजेवर बंधनं आल्यावर नाग हाताळण्याचं ज्ञान कुणाकडे उरतं, कुठे वळतं, हा खरा प्रश्न. आणि नागासोबत माणसाचा चेहरा दिसणारा फोटो प्रबंधात घालू नका. प्रबंध शोधगंगेवर चढतो, कुणीही उघडतो, आणि परिशिष्टात त्याच माणसाचं नाव-गाव तुम्हीच दिलेलं असतं.