आधी दोरा जातो, चामडं नंतर

माझ्या राइडिंग ग्लोव्हजला आता सहा वर्षं होत आली. परवा पुसायला घेतले तर उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकाशी शिवण उघडलेली, म्हणजे नुसतं बघून कळणार नाही पण चिमटीत धरून जरा ताणलं की आतलं अस्तर दिसायला लागतं. हेच ते ब्रेक लिव्हरवर राहणारं बोट, दिवसभरात शेकडो वेळा वाकतं आणि दर वेळी टोकाच्या शिवणीवर ताण येतो, त्यामुळे तिथेच उसवणार हे ठरलेलं.

चामडं मात्र ठणठणीत आहे. बकऱ्याचं आहे, पातळ आणि मऊ, पण चिवट. हे मी आधीच्या दोन जोड्यांमध्येही बघितलंय, आपण म्हणतो ग्लोव्हज फाटले पण नीट बघितलं तर चामडं फाटलेलंच नसतं, दोरा तुटलेला असतो. घाम, ऊन, घर्षण सगळं आधी दोरा खातो. आणि एक टाका सुटला की शेजारच्या दोघांवर जास्तीचा ताण, मग आठवड्याभरात एकाचे पाच होतात. मशीनची शिवण अशीच उसवत जाते कारण तिच्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही.

आधी एकदा मी ही चूक केलीये म्हणून सांगतो. शिवणाच्या डब्यातली साधी सुई आणि साधा कॉटनचा दोरा घेतला, जवळजवळ टाके घालून छान घट्ट शिवलं, वाटलं झालं काम. दोन महिन्यात तिथेच परत उघडलं आणि या वेळी चामड्यासकट. दोन कारणं होती. एक म्हणजे कॉटनचा दोरा घामाने कुजतो. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, मी जुनी भोकं सोडून मधे नवीन भोकं पाडली होती. कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते आणि काढल्यावर भोक बुजतं. चामड्यात तसं नाही, पाडलेलं भोक कायमचं. भोकाशेजारी भोक पाडत गेलात की वहीच्या फाडायच्या पानाला जशी टिंबांची रेघ असते ना, अगदी तशी रेघ तयार होते आणि ताण आला की त्या रेघेवरून फाटतं. तेव्हापासून मी ठरवलं, जुनी भोकं हीच वाट, नवीन एकही पाडायचं नाही.

तर या वेळी काय केलं ते सविस्तर. दोरा पॉलिएस्टरचा, बॉन्डेड म्हणतात तो, ज्याच्यावर कोटिंग असतं त्यामुळे त्याचे पदर सुटत नाहीत. नायलॉनही मजबूत असतं आणि थोडं ताणतं पण, पण उन्हात पॉलिएस्टर जास्त टिकतं आणि ग्लोव्हज तर कायम उन्हातच असतात. दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घेतला, म्हणजे भोकातून सरसर जातो आणि ओढलेला टाका सैल पडत नाही. सुया दोन, आणि दोन्ही बोथट टोकाच्या. चामड्याची म्हणून जी तीनधारी सुई मिळते ती नवीन चामडं कापत जायला चांगली, पण जुन्या भोकांमध्ये ती वापरली तर भोकाच्या कडा कापून भोक मोठं करते, आणि कधीकधी आधी घातलेला दोराच कापते. बोथट सुई आपसूक भोक शोधते.

आधी तुटलेले दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढले. उघडी जागा साधारण अडीच सेंटिमीटर, भोकं मोजली तर 9. दोन्ही बाजूला चांगल्या शिवणीतली तीन तीन भोकं जास्तीची धरली, म्हणजे एकूण 15. ही जास्तीची भोकं सोडू नका, कारण जुन्या दोऱ्याची टोकं तिथे मोकळी असतात आणि त्यांच्यावरून नवीन टाके गेले की ती दाबली जातात.

मग दोन सुयांचा टाका. एकच दोरा, दोन्ही टोकांना एकेक सुई. पहिल्या भोकातून दोरा अर्धा ओढून घ्यायचा, दोन्ही बाजूला सारखा. पुढच्या भोकात डावीकडची सुई उजवीकडे आणि त्याच भोकातून उजवीकडची डावीकडे, दोन्ही दोरे सारखे ओढायचे, की पुढचं भोक. खोगीर शिवणारे लोक हाच टाका घालतात. यात दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार गेलेले असतात म्हणून एक कुठे झिजून तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो, मशीनच्या शिवणीत हे होत नाही. नुसता धावदोरा घालू नका, तो एका जागी तुटला की सगळा सरकतो. दोन सुया जमत नसतील तर निदान उलटी टीप घाला.

माझ्या ग्लोव्हजची बोटाची शिवण बाहेरच्या बाजूला आहे, चामड्याच्या दोन्ही कडा बाहेर आलेल्या, त्यामुळे काम सोपं गेलं, अस्तराला हातही लावावा लागला नाही. ज्यांची शिवण आत वळवलेली असते त्यांना बाहेरून एकदा या कडेत एकदा त्या कडेत असे शिडीसारखे टाके घालून मग ओढून घ्यावं लागतं. होतं तेही, फक्त वेळ लागतो. बोटात एक जाड मार्कर घालून ठेवा म्हणजे सुई पलीकडच्या बाजूला जाऊन बोटच शिवून टाकत नाही.

किती ओढायचं याचा अंदाज हाताला येतो. कमी ओढलं तर फट राहते, जास्त ओढलं तर चामडं चुरगळून शिवणीला लाटा येतात, आणि ती लाट लिव्हरवर बोटाला जाणवते. दोरा चामड्यात किंचित रुतला की थांबायचं. शेवटी दोन भोकं मागे येऊन दोरा कापला, टोक दोन मिलिमीटर ठेवलं आणि लायटरची आच लांबूनच दाखवली, पॉलिएस्टर वितळून त्याचा बारीक मणी होतो. गाठ मारली नाही. बोटाच्या टोकाला गाठ म्हणजे चपलेत खडा.

या सगळ्याला तासभर लागला असेल. मला हा तास फार आवडतो, खरंच. रोज जी वस्तू न बघता हातात चढवतो तिचा एकेक टाका नजरेखालून जातो.

तळव्याचं पण थोडं काम निघालं. अंगठ्याच्या बुडाशी, जिथे थ्रॉटलची ग्रिप घासते, तिथे वरचं जास्तीचं ठिगळ झिजून गुळगुळीत झालंय आणि एका कडेला सुटलंय. कंपनीने तिथे दुहेरी चामडं दिलेलं असतं ते झिजण्यासाठीच, खालचा थर शाबूत आहे तोपर्यंत काळजी नाही. कड सुटलेली तिथे कॉन्टॅक्ट ग्लू दोन्ही बाजूंना पातळ लावला, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा पंधरा मिनिटं तसाच ठेवला, मग ठिगळ दाबलं आणि जुन्या भोकांतून शिवलं. ग्लू फक्त ठिगळ जागेवर धरायला, ताण शिवणीने घ्यायचा. आणि तो झटपट चिकटणारा ग्लू, थेंबभर लावला की चिकटतो तो, अजिबात नको. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि वाकवलं की तडकतो, शिवाय अस्तर कॉटनचं असेल तर कॉटनला लागल्यावर तो इतका तापतो की चटका बसू शकतो.

आता कुठे थांबायचं ते. युरोपात मोटरसायकल ग्लोव्हजसाठी ईएन 13594 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात तळव्याचं चामडं घासून बघतात आणि ते पहिल्या लेव्हलला 4 सेकंद, दुसऱ्या लेव्हलला 8 सेकंद टिकायला लागतं. पडल्यावर माणूस आपसूक हात टेकतो, म्हणजे सगळा खेळ या सेकंदांचा. म्हणून तळव्याच्या मुख्य चामड्यालाच भोक पडलं असेल किंवा ते कागदासारखं पातळ झालं असेल तर मी ठिगळ लावून ते ग्लोव्हज हायवेवर नेणार नाही, आणि तुम्हीही नेऊ नका. एकदा पडून घासलेल्या ग्लोव्हजचंही तेच, ते रिटायर. वॉटरप्रूफ ग्लोव्हज असतील तर सुई लावताना दहादा विचार करा, आतल्या मेम्ब्रेनला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पातळ थराला, एक भोक पडलं की पाणी आत आलंच.

आणि एक, अस्तर. घामाच्या हाताने ग्लोव्ह ओढून काढला की अस्तराचं बोट उलटं होऊन बाहेर येतं, मग परत घालताना ते आत जातच नाही. बोटांची टोकं एकेक करून थोडी थोडी सैल करायची आणि मग हात काढायचा. मनगट धरून खस्सकन ओढायचं नाही, शिवणीवर पण तोच झटका बसतो.

भिजले तर सावलीत वाऱ्यावर वाळवा. हीटरवर किंवा इंजिनवर टाकले तर चामडं आकसून कडक होतं आणि कडक चामड्याला शिवणीपाशीच चिरा जातात. अर्धवट ओले असताना एकदा घालून मुठी वळून घ्या. वाळल्यावर चामड्याचा कंडिशनर लावा पण बोटावर घेऊन अगदी थोडा, तेलात बुडवलेलं चामडं सैल पडतं आणि मग ग्लोव्ह हातात फिरायला लागतो.

काल सकाळी घालून बघितले. मूठ वळली, लिव्हर दाबला, वीस पंचवीस वेळा. नवीन दोरा थोडा जास्त काळा दिसतो, बाकीचा उन्हाने तपकिरी झालाय. डाव्या अंगठ्याला, इंडिकेटरचं बटण दाबतो तिथे, एक टाका पिंजलेला दिसला. अजून तुटलेला नाही. सुया बाहेरच ठेवल्यात.