नजरेने चालणारं मशीन आणि ट्रस्टचे फॉर्म

आज अख्खा दिवस भाच्यासाठी फॉर्म भरण्यात गेला. त्याला बोलता येत नाही, हातही चालत नाहीत, पण स्क्रीनवरच्या अक्षरांवर नजर रोखली की मशीन त्याच्या वतीने बोलतं. ट्रायलला पठ्ठ्याने पहिलं वाक्य काय लिहावं, तर "टीव्हीचा आवाज कमी करा"!

आता पैसे उभे करायचेत. बऱ्याच ट्रस्टचं असं असतं की आधी विकत घेऊन मागून बिल पाठवलं तर मदत नाही, म्हणजे कोटेशन आधी, थेरपिस्टचं पत्र आधी, आणि पैसे परस्पर विक्रेत्याला, ते एक वेळ पटतं. पण फॉर्मवर एक प्रश्न असतो, "याने आयुष्यात काय फरक पडेल?" अहो, तो बोलेल! थेरपिस्ट म्हणाल्या असं मोघम नको, कुठे दुखतंय ते सांगता येईल, शाळेत उत्तर देता येईल, असं नेमकं लिहा. आणि स्टँड, ट्रेनिंग, दुरुस्तीचा खर्चही आत्ताच धरा, नाहीतर मशीन येतं आणि कपाटात पडून राहतं.

डब्ल्यूएचओ आणि युनिसेफचा २०२२ चा रिपोर्ट म्हणतो की जगात २५० कोटींहून जास्त लोकांना असं काही ना काही साधन लागतं (चष्माही त्यातच आला) आणि जवळपास १०० कोटींना ते मिळतच नाही.

काही ट्रस्ट थोडीच रक्कम देतात म्हणून एकदम दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकतेय, आणि प्रत्येकाला बाकीच्यांची नावं कळवतेय. अजून कुठला माहीत असेल तर इनबॉक्स करा.