०.२ इतकाच कमी

किल्न ऑटोवर टाकून फार वेळ झाला नव्हता, तोच टॉर्क घसरायला लागला.

किल्न म्हणजे सिमेंटची फिरती भट्टी. तिच्यात चुनखडी आणि मातीची पूड सुमारे १४५० अंशांपर्यंत तापते आणि क्लिंकर तयार होतं, म्हणजे दळून सिमेंट होतं त्या गाठी. माल जिथे भाजला जातो तिथलं तापमान थेट आणि भरवशाचं मिळत नाही, धूळ आणि ज्वाळा आड येतात. मग ऑपरेटर आडवाटेने अंदाज बांधतो. माल नीट भाजला की चिकट होतो, भिंतीबरोबर वर चढतो आणि किल्न फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणजे टॉर्क वाढतो. ज्वाळेचा भाग तापला की धुरातला नॉक्सही, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडंही, वाढतो. दोन्ही उतरले तर भट्टी थंड पडतेय, यात वाद नाही. वाद होतो तो एकच उतरला तर. त्या दुपारी टॉर्क पडत होता आणि नॉक्स ६६० पीपीएमवर बऱ्यापैकी टिकून होता.

शिफ्टवरच्या ज्येष्ठ ऑपरेटर काकांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "अर्धा टन वाढवा." म्हणजे तासाला अर्धा टन कोळसा जास्त. आमच्या फझी प्रणालीने, म्हणजे 'कमी', 'ठीक' अशा अंधुक शब्दांतल्या नियमांवर कोळसा ठरवणाऱ्या यंत्रणेने, दिला ०.२ टन.

"साहेब, तुमचं मशीन घाबरट आहे."

मॅन्युअलवर घेणं त्यांच्या हातात होतं, पण त्यांनी घेतलं नाही. "का दिला तेवढाच, ते दाखवा," म्हणाले. हा प्रश्न ज्या यंत्राला विचारता येतो आणि ज्याच्याकडून उत्तर मिळतं, असं यंत्र नियंत्रणाच्या धंद्यात दुर्मीळ. नियमांचा पडदा उघडला. त्या क्षणी दोन नियम जागे होते. पहिला: टॉर्क पडतोय आणि नॉक्स कमी आहे, तर ०.६ टन वाढवा. दुसरा: टॉर्क पडतोय पण नॉक्स ठीक आहे, तर ०.१ टन वाढवा. दोन्ही वाक्यं ऑपरेटरांशी बोलूनच लिहिलेली, आकडे मागाहून बसवलेले.

नॉक्स 'कमी' कधी? ५०० आणि त्याखाली पूर्ण कमी, ७०० च्या वर अजिबात नाही, मधे उतरती रेघ. ६६० ला तो ०.२ इतकाच कमी ठरतो आणि ०.८ इतका ठीक. 'टॉर्क पडतोय' हे तेव्हा ०.७ खरं होतं. 'आणि' जोडताना दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा, म्हणून पहिल्या नियमाचा जोर ०.२ आणि दुसऱ्याचा ०.७. मग वजनी सरासरी: ०.६ गुणिले ०.२ अधिक ०.१ गुणिले ०.७, भागिले ०.९. उत्तर ०.२१. काकांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं.

प्रयोगशाळेतून आलेल्या रसायनतज्ज्ञ मुलीने विचारलं, "०.२ म्हणजे नॉक्स कमी असण्याची शक्यता २० टक्के का?" तसं नाही. नॉक्स ६६० आहे हे पक्कं माहीत आहे, त्यात नशिबाचा भाग नाही. त्याला 'कमी' म्हणणं कितपत साजतं, एवढंच तो आकडा सांगतो. फझी कल्पना मांडणारे लोत्फी झादे यांनी १९६५ च्या शोधनिबंधात हाच पाया घातला. वाफेच्या छोट्या इंजिनावर नियमांनी नियंत्रण करून दाखवलं ते लंडनमध्ये, ममदानी आणि अस्सिलियन यांनी, १९७० च्या दशकाच्या मध्याला. त्यांच्या पद्धतीत नियमाचं उत्तरही अंधुक आकाराचं असतं. सगळे आकार कापून एकत्र करायचे आणि त्यांचा गुरुत्वमध्य काढायचा. आम्ही वापरली ती १९८५ ची ताकागी-सुगेनो पद्धत, जिच्यात नियमाचं उत्तर साधा आकडा किंवा सूत्र असतं. निवडण्याचं माझं कारण अगदी व्यवहारी होतं: हिशेब कागदावर तपासता येतो. 'आणि'साठी लहान आकडा घ्यावा की गुणाकार करावा, यावर जाणकार पुष्कळ भांडतात. त्या दुपारी गुणाकार केला असता तर ०.२१ ऐवजी ०.२० आलं असतं. भट्टीला ते कळलंही नसतं.

हिशेब पटला, पण काकांचं समाधान झालं नव्हतं. "नॉक्स टिकलाय, तर मग टॉर्क पडतोय कशानं?" असं पुटपुटत त्यांनी शेल स्कॅनर पाहिला. भट्टीच्या बाहेरच्या पत्र्यावरचा एक पट्टा तापत होता. आतल्या विटांवर जमलेला थर, म्हणजे कोटिंग, तिथे सुटलं होतं. माल थंड नव्हताच. "आता कोळसा नको. वेग उतरवा, कूलरवर लक्ष ठेवा. ढेकळं येतील." अर्धा टन त्यांनीच मागे घेतला. तो ओतला असता तर ऑक्सिजन उतरून कार्बन मोनॉक्साइड वाढला असता आणि धूळ पकडणारी ईएसपी ट्रिप होण्याची वेळ आली असती.

स्कॅनरचा उल्लेख नियम गोळा करताना एकाही ऑपरेटरने केला नव्हता. तिकडे नजर टाकणं इतकं अंगवळणी पडलेलं, की ते सांगायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही. संध्याकाळी तिसरा नियम बसला: टॉर्क पडतोय, नॉक्स ठीक आणि पत्रा तापतोय, तर कोळसा तसाच ठेवा, वेग थोडा उतरवा. न्यूरल नेटवर्क असतं तर नवी माहिती गोळा करून पुन्हा शिकवत बसावं लागलं असतं. इथे काकांचं वाक्य जवळपास जसंच्या तसं आत गेलं. अर्थात उलटी बाजूही हीच. जे कुणी बोललं नाही, ते या प्रणालीला ठाऊक नसतं. शिवाय प्रत्येक नवा मोजमाप-घटक घेतला की नियम भराभर वाढतात. तीन घटकांचे प्रत्येकी पाच कप्पे केले तर १२५ जोड्या होतात, म्हणून कामाच्या तेवढ्याच ठेवायच्या.

भाजताना न जुळता उरलेल्या मुक्त चुन्याचा, म्हणजे फ्री लाइमचा अहवाल ठीक आला. त्यावर खुश होऊन प्लांटप्रमुखांनी फरमावलं, कोळशाच्या वजनी फीडरलाही फझी लावा. मी नकार दिला. फीडर किती वाहतोय ते नीट मोजता येतं, प्रतिसाद लगेच मिळतो, साधा पीआयडी, म्हणजे चूक मोजून ती सतत दुरुस्त करणारा नेहमीचा नियंत्रक, तिथे उत्तम चालतो. फीडर तसाच राहिला. किल्नच्या यादीत मात्र काका भर घालत असतात. त्यांचा एक नियम अजून बाहेरच आहे: ज्वाळा सुस्तावली की हवा वाढवा. ज्वाळा किती सुस्तावली हे सांगणारा सेन्सर मला अजून मिळालेला नाही. बर्नर कॅमेऱ्याच्या चित्रावरून काही जमतंय का, ते सध्या बघतोय.