झ्लीनच्या काका-काकूंनी आमची हमी घेतली

युरोपच्या फिरण्यात आमचा सगळ्यात लांब मुक्काम चेक प्रजासत्ताकात होता, म्हणून शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्जही त्यांच्याकडेच करायचा होता. राहायची सोय मात्र आधीच झालेली. चाकणला स्कोडाच्या कारखान्यात कामाला आलेला एक चेक मुलगा आमच्या सोसायटीत राहायचा, गणपतीत हक्काने जेवायला यायचा. ‘हॉटेल कशाला? झ्लीनला माझ्या आईवडिलांकडे उतरा,’ म्हणाला. आपल्याकडे एवढं बोलणं पुरतं. तिकडे पुरत नाही.

व्हिसासाठी त्याच्या आईवडिलांना ‘पोझ्वानी’ करावं लागलं. नाव निमंत्रणपत्राचं, पण काम हमीपत्राचं. पाहुण्याच्या राहण्याचा, खाण्याचा, दवाखान्याचा आणि वेळ आली तर त्याला मायदेशी परत पाठवण्याचा खर्च यजमान देईल, असं त्यात लिहून द्यायचं आणि परदेशी नागरिकांचं काम पाहणाऱ्या पोलिसांकडून ते प्रमाणित करून घ्यायचं. आम्हाला फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेल्या निवृत्त जोडप्याने त्यावर सही केली! आपल्या नात्यातले किती जण करतील? मूळ कागद कुरियरने पुण्याला आला, तो ३०,००० युरोंच्या प्रवास विम्यासोबत अर्जाला जोडला आणि व्हिसा मिळाला.

व्हिएन्नाहून रेल्वेने ओत्रोकोवित्सेला उतरलो. त्या मुलाचे वडील, म्हणजे आमचे काका, स्टेशनवर होते, तिथून ट्रॉलीबसने झ्लीन. हे बाटांचं गाव. बाटा कंपनी आपलीच, असं मानणाऱ्यांत मीही होते. ती १८९४ साली इथे सुरू झाली. कामगारांसाठी कंपनीने बांधलेली लाल विटांची, सपाट छपराची चौकोनी घरं अजून उभी आहेत, त्यातल्याच एकात हे दोघं राहतात. दारात चपला काढल्या की कपाटातून आपल्या मापाच्या सपाता समोर येतात. सगळ्या मापांच्या होत्या.

मी शाकाहारी, त्यामुळे जेवणाची धास्ती होती. काकूंनी दुपारी ‘क्नेडलीकी’ केले. पिठाच्या गोळ्यात अख्खं प्लम भरून उकडलेलं, वर किसलेलं कोरडं चीज, साखर आणि वितळलेल्या लोण्याची धार. तुपाची धार सोडलेला उकडीचा मोदक आठवला. फरक इतकाच, की हे गोड म्हणून नाही, हेच जेवण! पाचवा ताटात पडला तेव्हा ‘नको’ला तिकडेही कोणी जुमानत नाही हे कळलं. काकांची घरची स्लिवोवित्से, म्हणजे प्लमची दारू, नवऱ्याने माझ्याही वाटची घेतली.

हॉटेलात उतरलं तर नोंदणी हॉटेलवाले करतात. घरी उतरलं तर तीन कामकाजाच्या दिवसांत पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. काकांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्हाला नेलं. खिडकीमागच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि आम्हाला चेक. तिथली रांग आपल्यासारखीच, फक्त कोणी मध्ये घुसत नाही. काकांनी आमच्या आडनावाचं एकेक अक्षर सांगत फॉर्म भरून घेतला.

बक्षीस म्हणून त्यांनी बाटांची जुनी कचेरी दाखवली. १९३८ सालची ७७.५ मीटर उंच इमारत. यान बाटांची केबिन चक्क लिफ्टमध्ये होती, आत वाहत्या पाण्याचं बेसिनसुद्धा. मालक टेबलाशी बसल्या बसल्या मजल्यामजल्यावर जाऊ शकत. कामगारांना हे कितपत आवडत असेल, असं मी विचारलं. काका हसले, बोलले नाहीत.

निघताना पैशांचा विषय काढायचं धाडस आम्हाला झालं नाही. ते दोघं डिसेंबरात पुण्याला यायचं म्हणताहेत. त्यांना ई-व्हिसा मिळतो, आमच्या हमीची गरज नाही. पण आपल्याकडेही घरी परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो मी भरणार आहे.