थोडं सरकून घ्या!

अमेरिकेतल्या एका डोंगरवाटेवर एकटी चालायला जातेय म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "रात्री झोपणार कुठे?" अंतर किती, चढ किती, यात तिला रस नव्हता. म्हटलं, कधी तंबूत, कधी शेल्टरमध्ये. मग शेल्टर म्हणजे काय ते सांगावं लागलं: तीन बाजूंना भिंती, वर छप्पर, चौथी बाजू उघडी, आत फळ्यांचा लांबलचक ओटा आणि त्यावर ओळीने झोपलेली अनोळखी माणसं.

"बायका-पुरुष एकत्रच?"

"हो."

फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "असू दे. तरी चार माणसांत झोप. एकटी नको."

माझा बेत नेमका उलटा होता. होता होईल तो तंबूत झोपायचं आणि शेल्टर फक्त नाइलाज असेल तिथे. अ‍ॅपलेशियन ट्रेल ही पायवाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाते, लांबी सुमारे २,१९० मैल. या अख्ख्या वाटेवर अडीचशेहून जास्त शेल्टर आहेत. बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली ही वाट सुचवली तेव्हाच मुक्कामाच्या जागांचाही विचार केला होता. सलग वाट १९३७ मध्ये पूर्ण झाली. मी चालणार होते त्यातला जेमतेम सत्तर मैलांचा तुकडा, नॉर्थ कॅरोलायनातल्या नँटाहाला नदीपासून ग्रेट स्मोकी माउंटन्समधल्या न्यूफाउंड गॅपपर्यंत. एप्रिलचा मध्य, सहा रात्री.

पहिल्याच दिवशी चिओआ बाल्डचा चढ आहे. नदीपासून आठेक मैलांत तीन हजार फुटांहून जास्त, आणि पाठीवर सहा दिवसांचं सामान. 'बाल्ड' म्हणजे इकडचे टकले डोंगर. माथ्यावर झाडं नाहीत, नुसतं गवत. ५,०६२ फुटांवर पोचले तेव्हा ऊन कलत होतं. खाली एकामागे एक निळ्या रांगा होत्या आणि वर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. वाटेतलं ससाफ्रास गॅपचं शेल्टर मागे टाकून आले होते. तिथे आठ-दहा जण आधीच बूट काढून बसले होते. एकीने थांबायचा आग्रह केला, तर मी "नाही, पुढे जाते" म्हणाले. जरा मिरवतच म्हणाले असेन.

तंबू ठोकण्याआधी वर बघायचं, हा धडा पाठ होता. डोक्यावर वाळकी फांदी लटकत असेल तर ती रात्री वाऱ्याने खाली येऊ शकते. मग खाण्याचा डबा. अस्वलाला उघडता येत नाही असा जाड प्लास्टिकचा डबा मिळतो. अन्नाबरोबर टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम, वास येणारं सगळं त्यात कोंबून तंबूपासून शंभर पावलांवर ठेवून आले. साडेआठला आत शिरून चेन ओढली.

आणि मग कान उघडले. तंबूत डोळ्यांचा काही उपयोग नसतो, सगळा कारभार कानांकडे जातो. वाळक्या पानांतून उंदीर गेला तरी म्हशीएवढं काहीतरी चालल्यासारखं वाटतं. दहाच्या सुमारास दोन घुबडं एकमेकांवर अशी खेकसायला लागली की मला माणसंच भांडताहेत असं वाटलं. तेही निभावलं. खरी गंमत पहाटे झाली.

उजाडायच्या आधी जाग आली ती छातीतल्या धडधडीने. धप्... धप्... धप्, मग जलद, आणखी जलद, मग एकदम थरथर होऊन बंद. पाच मिनिटं काही नाही. पुन्हा तेच. आवाज ऐकू येण्यापेक्षा आतून जाणवत होता. मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली, तर ती आपली शांत. तरीही छातीत धपधप चालूच. तेव्हा मनात जे जे आलं ते सगळं लिहीत नाही. एवढंच सांगते की मृत्युपत्र राहिलंय हे आठवलं. सहा वाजता निमूटपणे तंबू गुंडाळला. आतल्या बाजूने माझ्याच श्वासाच्या वाफेने तो ओलाकच्च झाला होता. चालायला लागले आणि याबद्दल कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं. सांगायला कोणी नव्हतंच.

दुसरी रात्रही तंबूतच, पाय इतके मोडले होते की घुबडं आली असतील तरी कळलं नाही. त्या दिवशी 'जेकब्ज लॅडर' नावाचा चढ होता. नावात शिडी आहे, वाटेवर नाही. असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या संध्याकाळी फाँटाना धरणाशी पोचले. इथलं शेल्टर सरोवराकाठी आहे, चोवीस माणसांचं, आणि जवळ गरम पाण्याच्या अंघोळीची सोय. म्हणून वाटेवरचे लोक त्याला लाडाने 'फाँटाना हिल्टन' म्हणतात. मी ओट्याच्या टोकाला पथारी पसरली. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ मोजे वाळत घालत होते. गप्पा सुरू झाल्या. अंधारात बोलणं सोपं जातं की काय कोण जाणे, मी त्यांना छातीतल्या धडधडीचं सांगून टाकलं.

ते हसायलाच लागले. पलीकडच्या दोघांना हाक मारून म्हणाले, "हिलासुद्धा ग्राऊज भेटला!" रफ्ड ग्राऊज नावाचा तित्तिराच्या जातकुळीतला पक्षी असतो. वसंतात नर एखाद्या पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंख हवेत झोडपतो. तो आवाज इतका खालच्या पट्टीतला असतो की कानांपेक्षा छातीला आधी कळतो. पलीकडचा एक जण म्हणाला, "मी तर डॉक्टरकडे जाऊन आलो होतो." मग आणखी कोणी आपली गोष्ट सांगितली. दोन दिवस मी जो आजार उराशी धरून चालत होते त्याचं पाच मिनिटांत पाखरू झालं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की बाईचं मन शेल्टरकडे वळलं. थांबा. त्याच रात्री मला घोरण्याचे चार प्रकार कळले. नऊला इथे 'हायकर मिडनाइट' होते, म्हणजे वाटसरूंची मध्यरात्र. सगळे गप्प. पण गप्प बसतात ती तोंडं. एक जण कूस बदलतो आणि त्याची फुगवायची मॅट वेफर्सच्या पुडीसारखी कुरकुरते. कोणी लघवीला उठतो, त्याच्या हेडटॉर्चचा झोत सगळ्यांच्या तोंडांवरून फिरून येतो. पहाटे चारला कोणाचा तरी गजर होतो आणि ज्याचा असतो तोच तेवढा झोपलेला असतो. शिवाय उंदीर. माणसं आली की खरकटं आलं आणि खरकट्यामागे उंदीर. सॅक खुंटीला टांगताना तिचे सगळे कप्पे उघडे ठेवायचे, हे मला तिथेच कळलं. बंद असले तर तो कुरतडून आत शिरतो, उघडे असले तर फेरफटका मारून निघून जातो. वसंतातल्या गर्दीत पोट बिघडवणारा नोरोव्हायरसही शेल्टरांमधून पसरतो. हाताला चोळायच्या जेलला तो फारसा दाद देत नाही, साबण-पाणीच लागतं.

धरणाची भिंत ओलांडली की ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान सुरू होतं आणि तिथे तुमच्या आवडीनिवडीला कोणी विचारत नाही. ट्रेलवर मुक्काम शेल्टरमध्येच करायचा. उद्यानाच्या हद्दीपासून निदान ५० मैल आधी सुरुवात करून ५० मैल पुढे जाणार असाल तर तुम्ही थ्रू-हायकर, तुमचा परवाना वेगळा. मी तिसाच्या आतच सुरुवात केलेली, म्हणजे साधी प्रवासी. रात्रीला ८ डॉलर भरून कोणत्या तारखेला कोणतं शेल्टर हे आधीच ठरवून आले होते. शेल्टर भरलं तर थ्रू-हायकरने आरक्षणवाल्याला जागा द्यायची आणि स्वतः बाहेर तंबू ठोकायचा, असा नियम आहे. घरी बसून वाचताना तो फार सोयीचा वाटला होता.

पाचव्या रात्री डेरिक नॉबला मी उशिरा पोचले. थंडरहेड पर्वतापासून पावसाने धरलं होतं, बुटांत पाणी होतं. शेल्टरच्या तोंडाशी ताडपत्री लावलेली. ती सारून आत डोकावले तर दोन मजली ओट्यावर माणसंच माणसं. शेकोटीचा धूर, ओल्या लोकरीचा वास. कोणीतरी विचारलं, "आरक्षण आहे?" मी "हो" म्हटलं, आणि ते म्हणताना मला माझाच आवाज आवडला नाही.

खालच्या ओट्यावरचा एक मुलगा उठला. विशीतला असेल, लाल कानटोपी. जॉर्जियापासून चालत आलेला, दोनशे मैलांच्या आसपास झालेले. कोरडे कपडे घालून स्लीपिंग बॅगमध्ये शिरला होता. एक शब्द न बोलता त्याने बॅग गुंडाळली, मॅटमधली हवा काढली. ती फुस्स करून जाताना सगळं शेल्टर गप्प होतं. मी म्हटलं, "अरे, आपण कसंही करून मावू." तो म्हणाला, "नियम आहे, काही हरकत नाही," आणि पावसात गेला. मीच बाहेर झोपते म्हणायचं मनात आलं होतं. माझ्या परवान्यात तंबू बसत नव्हता. पण खरं सांगायचं तर नियम आठवण्याआधी मला बुटांतलं पाणी आठवलं.

त्याच्या जागेवर आडवी झाले तर फळी अजून कोमट होती.

पाऊस पत्र्यावर रात्रभर वाजत राहिला. डावीकडचा घोरत होता, उजवीकडच्या बाईचं कोपर दर तासाला माझ्या बरगडीत. मधूनमधून ताडपत्रीखालून बाहेरच्या तंबूचा आकार दिसायचा. सकाळी उठले तेव्हा तिथे गवत दबलेलं होतं फक्त. शेल्टरमध्ये एक वही असते, येणारे-जाणारे तिच्यात काहीबाही लिहितात. त्या दिवशीची पहिली नोंद त्याची होती: वाटेवर आल्यापासूनची सर्वांत छान झोप झाली, असा त्याचा अर्थ. मला हायसं वाटलं आणि पाठोपाठ रागही आला. तीन रात्री तंबू पाठीवर वाहत होते मी, आणि पावसातल्या तंबूतली झोप मिळाली त्याला.

सहावा दिवस कुवोहीचा. ६,६४३ फूट, या अख्ख्या ट्रेलवरचा सर्वांत उंच माथा. आधी याला क्लिंगमन्स डोम म्हणत, २०२४ मध्ये त्याचं जुनं चेरोकी नाव परत आलं. माथ्यावर धुकं होतं, मनोऱ्यावरून पांढऱ्याशिवाय काही दिसलं नाही. तिथून चारेक मैलांवर माउंट कॉलिन्सचं शेल्टर, दाट सूचिपर्णी रानात, दिवसाही अंधारलेलं. आणि रिकामं. एकही माणूस नाही. बहुतेक जण न्यूफाउंड गॅपच्या रस्त्याला लागून गावात गरम जेवायला पळाले असणार.

एवढ्या मोठ्या ओट्यावर मी एकटी. दोन्हीकडचं वाईट तेवढं पदरात पडलं होतं. सोबत नाही आणि ओढून घ्यायला तंबूची चेनही नाही. समोरची उघडी बाजू म्हणजे काळोखाचा एक मोठा चौकोन. एकदा तंबू ओट्यावरच उभारावा असंही मनात आलं. शेवटी भिंतीला पाठ लावून अगदी कोपऱ्यात पथारी घातली. सॅक टांगली, कप्पे उघडे ठेवले, बाकीच्या खुंट्या मोकळ्या सोडल्या.

दहा वाजता झाडांमधून दोन दिवे डुलत आले. हातपाय गार पडले, मग बुटांचे आवाज आले, मग खोकला. एक जोडपं होतं, थकून चूर झालेलं. बाईने दारातूनच दबक्या आवाजात विचारलं, "जागा आहे का?"

ओट्यावर डझनभर माणसं मावली असती. "या ना," म्हणाले आणि स्लीपिंग बॅगसकट भिंतीकडे आणखी वीतभर सरकले.