डब्ल्यूपीच्या भट्टीसमोर

डब्ल्यूपी या प्रवासी गाड्यांच्या वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला की लोकांना आधी त्याचं नाक आठवतं. बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं, मधोमध दिवा आणि भोवती रंगवलेला रुपेरी तारा. नाक देखणं होतंच. पण मी भुसावळला सेकंड फायरमन, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्या दोघांतला धाकटा, होतो आणि मला ते इंजीन खरं कळलं ते मागच्या टोकाकडून, भट्टीच्या दारातून.

सत्तरच्या दशकातला मे महिना. नागपूरकडे जाणारी गाडी होती. फुटप्लेटवर, म्हणजे इंजिनात उभं राहायच्या जागेवर, ड्रायव्हरसाहेब, फर्स्ट फायरमन भाऊ आणि मी. इंजिनामागच्या कोळशाच्या टेंडरवर चढून कोळसा पुढे ओढताना दिसलं, निम्मा चुरा आणि उरलेल्यात दगड. तशा कोळशाची सवय होती, म्हणून कुणी काही बोललं नाही. मलकापूर सुटलं आणि प्रेशरचा काटा उतरायला लागला. पूर्ण वाफ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या वर. काटा १२ वर आला, मग १० वर. आगीचा ओढा वाढवणारा ब्लोअर उघडला, कोळसा मारून भाऊंचे खांदे भरून आले, तरी काटा खालीच.

वाफ पडली की नुसता वेग जात नाही. गाडीचे व्हॅक्युम ब्रेक सुटलेले राहतात ते नळीतली हवा काढून टाकल्यामुळे, आणि ती काढणाऱ्या इजेक्टरला वाफ लागते. ती कमी पडली की डब्यांचे ब्रेक आपोआप आवळायला लागतात. इंजेक्टर लावून बॉयलरमध्ये पाणी घ्यावं तर प्रेशर आणखी उतरतं. न घ्यावं तर पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासमधलं पाणी खाली जातं आणि फायरबॉक्सचा, म्हणजे भट्टीचा, माथा पाण्याबाहेर उघडा पडायची भीती. या कात्रीत नांदुरा कसंबसं गाठलं.

साहेबांनी स्टेशनमास्तरांना सांगून गाडी थोपवून घेतली आणि मला हाक मारली, “ये रे पोरा, आग कशी बघतात ते बघून घे.” त्यांनी फावडं उपडं करून फायरहोलच्या तोंडात धरलं. पात्यामुळे आत शिरणारी हवा वळते, ज्वाळा बाजूला होतात आणि भट्टीच्या तळाच्या जाळीवरचा थर उघडा दिसतो. पांढऱ्याशुभ्र आगीच्या मधोमध काळपट लाल डाग पसरला होता. क्लिंकर! कोळशातली राख वितळते, तिची काचेसारखी लादी होते आणि ती जाळीच्या फटी बुजवते. खालून हवा बंद झाली की वर टाकलेला कोळसा नुसता धुमसतो.

हाताला ओलं पोतं गुंडाळून लांब सळई आत घातली. “कडेनं घाल,” भाऊ म्हणाले, “चांगली आग आहे तेवढी एका अंगाला ओढून घे, ती विझली तर संपलं.” मग लादीखाली सळई सरकवून, रेटून, तडकवून तुकडे बाहेर काढायचे. सळईचं टोक लाल होऊन वाकायचं. चेहऱ्याची कातडी ताणल्यासारखी व्हायची, मग दुसऱ्यानं पुढे व्हायचं. “भाऊ, सरका, मी घेतो.” पलीकडे पुढच्या बाजूला पोरं जमली होती, नाकावरच्या ताऱ्याकडे बोट दाखवत.

त्या नाकाबद्दल एक सांगायलाच हवं. इंग्लंडच्या मॅलार्ड इंजिनानं ३ जुलै १९३८ ला ताशी २०३ किलोमीटरच्या आसपास वेग गाठला. तिथे निमुळत्या अंगाला अर्थ होता, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. आम्ही ताशी ९०-१०० च्या आत चालायचो. तिथे नाकानं वाचणारा कोळसा अगदीच थोडा.

डब्ल्यूपीचं खरं डोकं जाळीत होतं. चाकांची मांडणी ४-६-२ (पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान; हिलाच पॅसिफिक म्हणतात), म्हणजे मोठी सहा चाकं भट्टीच्या पुढे संपतात आणि भट्टी मागच्या लहान चाकांवर येते. त्यामुळे तिला ऐसपैस रुंदी मिळते. जाळीचं क्षेत्रफळ ४६ चौरस फूट! राखेनं भरलेला देशी कोळसा जळावा म्हणून हे मुद्दाम केलं होतं. आधीच्या एक्सबी इंजिनांनाही रुंद भट्टी होती, पण ती इंजिनं वेगात आडवी डोलायची आणि रुळांवर ताण द्यायची. जुलै १९३७ मध्ये बिहारमधल्या बिहट्याला एक्सबीची गाडी घसरली, शंभरावर माणसं गेली. ब्रिटन आणि फ्रान्सच्या इंजिनिअरांच्या समितीनं त्या सगळ्या पॅसिफिक इंजिनांची तपासणी केली. त्या धड्यांनंतर आलेलं नवं इंजीन म्हणजे डब्ल्यूपी. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून पहिली १६ आली आणि १९६७ पर्यंत एकूण ७५५ झाली, शेवटची आपल्या चित्तरंजनची. मालगाडीच्या डब्ल्यूजीला बॉयलर हाच, म्हणून शेडमध्ये दोन्हींचे सुटे भाग चालायचे. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

नांदुऱ्याला आम्हाला तारलं ते या रुंदीनंच. मधला भाग मेला तरी दोन्ही कडांना जिवंत आग उरली होती. लादी निघाल्यावर ती मोकळ्या जाळीवर पसरली, वर पातळ थर देत गेलो. भाऊ हातात फावडं धरून थांबायचे, धूर फिका झाला की पुढचं टाकायचे. त्या मापानं कोळसा टाकणं मी त्यांच्याकडूनच शिकलो. काटा हलला, १२ च्या वर गेला, व्हॅक्युम पुरा झाला आणि साहेबांनी शिट्टी दिली.

शेगावला गाडी पोचली तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत होता. अकोल्याच्या उन्हात भाऊंनी सुरईतलं पाणी आधी मला दिलं, मग स्वतः प्यायले. उशीर साहेबांनी वहीत आपल्या नावावर लिहिला. कारण म्हणून एकच शब्द घातला, क्लिंकर.

ही इंजिनं बघायची असतील तर हरियाणात रेवाडीला जा. तिथल्या स्टीम शेडमध्ये १९६५ चं ७१६१ क्रमांकाचं ‘अकबर’ जपलेलं आहे. नाकासमोर फोटो काढाच, पण मग परवानगी घेऊन कॅबमध्ये चढा आणि भट्टीच्या दारातून वाकून ती जाळी बघा.